हातांचे फोटो कसे काढायचे: वावरातले, विहारातले, खंजेरीवरचे

जोडलेल्या हातांचा फोटो काढू नका. म्हणजे काढा, पण पहिला तोच काढू नका आणि तो मिळाला की झालं काम असं समजून घरी तर जाऊच नका. नमस्काराचे हात जवळून घेतले की शेगावला निघालेला वारकरी, विहारात वंदनेला बसलेली मावशी आणि मतं मागायला आलेला उमेदवार तिघंही सारखेच दिसतात. श्रद्धेचा फोटो म्हणून सगळ्यात जास्त काढला जाणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा फोटो हाच.

माणूस कोण आहे हे हाताच्या कामावरून कळतं, हातावरच्या खुणांवरून कळतं आणि पूजा-प्रार्थनेच्या आधीच्या-नंतरच्या दोन-चार मिनिटांत कळतं. म्हणून माझी पद्धत साधी आहे, एकाच माणसाचा हात दोनदा काढायचा, एकदा कामावर आणि एकदा देवाजवळ (किंवा जिथं त्याची श्रद्धा असेल तिथं), आणि ते दोन फोटो शेजारी ठेवायचे. चेहरा न दाखवता माणूस दाखवता येतो का असं कोणी विचारलं तर अमेरिकन फोटोग्राफर अल्फ्रेड स्टिग्लिट्झनं १९१७ ते १९३७ या काळात जॉर्जिया ओकीफ या चित्रकार बाईचे तीनशेच्या वर फोटो काढले त्यातले कितीतरी फक्त हातांचे आहेत, ते बघा. एकाच माणसाकडे परतपरत गेल्याशिवाय तसं होत नाही. आपल्याला वीस वर्ष नको, पण एका हंगामात तीन-चार माणसं धरा, वीस-पंचवीस अनोळखी हात गोळा करू नका.

आधी विचारा, आणि बरोबर माणसाला विचारा

कापूस वेचणीचे फोटो काढायला जातो तेव्हा आपण वावराच्या मालकाला फोन करतो, तो म्हणतो "या न भाऊ, काढा किती काढाचे ते", आणि आपल्याला वाटतं परवानगी मिळाली. मिळाली नाही. हात मालकाचे नाहीत. ज्या बाईचे हात आहेत तिला वेगळं विचारावं लागतं आणि ती बहुतेक वेळा हसून उडवून लावते, "माह्या हाताचा कायले काढतं बाबू, हात काय पाहाचे हायत? तोंडाचा काढ." अशावेळी भाषण देऊ नका. तिच्या तोंडाचा एक चांगला फोटो काढा, तिला मोबाईलवर दाखवा, आणि मग हाताचं परत विचारा. एवढ्यानं अर्धं काम होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वेचणीची मजुरी किलोवर असते. तुम्ही तिला "मावशी जरा असा हात धरा" म्हणून थांबवलं की तिचा कापूस कमी भरतो, तो तोटा तुमचा नाही तिचा आहे. त्यामुळे वेचताना थांबवायचं नाही, तिच्या तासाला (पऱ्हाटीच्या ओळीला) समांतर तास धरून दोन पावलं मागे चालत राहायचं, आणि पोज वगैरे जे काही असेल ते डबा खायच्या सुट्टीत नाहीतर संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना.

हात धरून सरळ करणं, बोटं वळवणं, बांगड्या मागे सरकवणं, हे तर अजिबातच नाही, विशेषतः तुम्ही पुरुष असाल तर. आपला हात कसा हवा ते स्वतःच्या हातानं करून दाखवायचं. ओळखीची एखादी काकू किंवा गावातली आशाताई सोबत असेल तर बोलणं मोकळं होतं. आणि रिकाम्या मनगटाच्या बाईला फोटोसाठी बांगड्या घाला किंवा "तसंच राहू द्या, तसंच पाहिजे" असं दोन्हीपैकी काहीच म्हणायचं नाही. आपल्या विदर्भात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायांची रिकामी मनगटं बाहेरून आलेल्या लोकांनी खूप विकून झालीत.

मोबाईल असो की कॅमेरा

मोबाईल पुरतो, खरंच पुरतो, फक्त तीन गोष्टी करा. ब्यूटी फिल्टर बंद, कारण त्याला सुरकुती दिसली की तो पुसतो आणि आपण आलो आहोत सुरकुतीसाठीच. पोर्ट्रेट मोड बंद, कारण बोटांच्या मधल्या फटी, बांगडीची कड, धाग्याचं सुटलेलं टोक त्याला नीट कापता येत नाही, करंगळी अर्धी धूसर होऊन बसते. आणि साध्या १एक्स लेन्सनं अगदी जवळ जाऊ नका, पुढचं बोट भोपळ्याएवढं आणि मनगट काडीएवढं येतं, त्यापेक्षा २एक्स किंवा ३एक्स लावून थोडं मागे सरका. लेन्स पुसा हे सांगायची गरज नाही पण सांगतो, वावरातल्या धुळीत आणि खिशातल्या घामात लेन्सवर जो थर बसतो त्यानं अख्खा फोटो दुधाळ होतो.

कॅमेरा असेल तर ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स बस झाली. पण ती पूर्ण उघडून वापरायचा मोह आवरा (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी). क्रॉप सेन्सरवर (बहुतेक साध्या कॅमेऱ्यात असतो तो लहान सेन्सर) अर्ध्या मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ६-७ मिलिमीटर एवढाच भाग शार्प येतो, म्हणजे एक बोट शार्प आणि बाकी चार गेले. एफ/५.६ ला तेच साधारण २ सेंटिमीटर होतं आणि एफ/८ ला जवळपास ३. हात पसरलेला असेल तर एफ/८, मुठीत काही धरलेलं असेल तर एफ/४ पण चालतं. फोकस कुठं? जिथं हात वस्तूला टेकतो तिथं, नखावर नाही. बोट बोंडात शिरतं ती जागा, बोट आणि मण्याच्या मधली जागा.

उजेड

एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर ते पाच वाजेपर्यंत उघड्यावर हातांचे फोटो काढायच्या नादाला लागू नका. पारा ४५ ला जाऊन राहिला असतो, बोटांच्या सावल्या तळहातावर काळ्या पट्ट्यासारख्या पडतात आणि मोबाईल तापून कॅमेराच बंद करतो. त्या दिवसात घरात या. आपल्या जुन्या घरांची सपरी, म्हणजे ओसरी, हा फुकटचा स्टुडिओ आहे. दारातून उजेड एका बाजूनं येतो, आतली भिंत अंधारी असते, आजी तिथं गहू निवडत बसलेलीच असते. तिला हलवू नका, तुम्ही फिरा. उजेड हातावरून तिरपा घासून गेला पाहिजे, मग भेगा, घट्टे, शिरा उठून येतात, आणि तुम्ही दाराकडं पाठ करून उभे राहिलात की उजेड सपाट पडतो आणि सगळं निघून जातं.

गोंदणाला मात्र उलटं. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड आज्यांच्या, मेळघाटातल्या कोरकू आज्यांच्या हातावरचं जुनं गोंदण निळसर-हिरवं झालेलं असतं आणि सावळ्या कातडीत मुरून गेलेलं असतं. तिरपा उजेड तिथं सुरकुत्याच दाखवतो, गोंदण दिसत नाही. त्यासाठी झाडाखालचा नाहीतर ढगाळ दिवसाचा मऊ उजेड घ्या. नंतर ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर एडिटिंग ॲपमध्ये लाल-केशरी स्लायडर वाढवा, कातडीत लाल जास्त असतो त्यामुळे ती उजळते आणि निळं-हिरवं गोंदण गडद राहतं, हा फरक डोळ्यांनी बघूनसुद्धा दिसला नव्हता एवढा दिसतो. फोटो काढताना मात्र रंगीतच काढा, बदल नंतर.

निळ्या ताडपत्रीखाली आणि हिरव्या नेटखाली काढलेले हात आजारी दिसतात. तिथून दोन पावलं बाहेर या, व्हाइट बॅलन्सशी (रंग दुरुस्त करायच्या सेटिंगशी) झगडत बसण्यापेक्षा ते सोपं.

कामाचे हात

पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या पिकापासून सुरू करा, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढं वेचणी चालू असते. भल्या पहाटे जाऊन गोल्डन अवर (सूर्योदयाजवळचा सोनेरी उजेड) पकडू हे डोक्यातून काढा, दंव असतं तोवर कापूस ओला असतो आणि ओला कापूस कोणी वेचत नाही, दंव सुकेपर्यंत ऊन कडक व्हायला लागतं. तुमचा टाइम दुपारनंतरचा, चार ते साडेपाच. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, नखाच्या बाजूची कातडी चिरलेली असते, काही बाया बोटांना चिंधी नाहीतर चिकटपट्टी गुंडाळतात. ती चिंधी काढायला लावू नका, तीच तर फोटोतली गोष्ट आहे.

पांढरा कापूस फ्रेममध्ये भरला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला आणि तो फोटो अंधारा करतो, हात कोळशासारखे येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ किंवा +१ करा, कापसाचा तपशील फुटत नाही ना तेवढं बघा. काळ्या मातीत निंदण चाललं असेल तर बरोबर उलटं, तिथं -०.७. मोबाईलवर हातावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग बोट वर-खाली सरकवून उजेड बसवा. शटर स्पीड वेचणीला १/२५० सेकंदाच्या खाली नको, बायांची बोटं आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट वेगानं चालतात.

भंडारा-गोंदियाकडं गेलात तर धानाच्या रोवणीचे हात मिळतील, पाण्यानं सुरकुतलेली बोटं आणि चिखलात अर्धं बुडालेलं मनगट. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्ता, तिथं पानं तोडणं सकाळी उरकतं आणि दुपारी अख्खं घर ओसरीत बसून ७० पानांचा पुडा बांधतं. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे हात एकाच ढिगात, असा फोटो पोज देऊन कधीच मिळत नाही.

एक फोटो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी काढत नाही. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावणारी मजूर बाई. आयुष्यभर निंदण-वेचणी करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही, ती पदराला बोट पुसते, परत लावते, मग दुसरं बोट लावते. सरकारी कागदावरची ओळख तिच्याच कामानं खाऊन टाकलेली. काढायचा असेल तर दुकानदाराला नाही तर तिला विचारून, आणि मशीनची स्क्रीन, कार्ड, नंबर यातलं काहीही फ्रेममध्ये न घेता.

श्रद्धेचे हात

इथं घाई चालत नाही. पहिल्या वेळी कॅमेरा पिशवीतच राहू द्या, कार्यक्रमाला बसा, कुठल्या क्षणी काय होतं ते बघून ठेवा.

पोळ्याचं उदाहरण घ्या. सगळे फोटोवाले पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलांचे फोटो काढतात, शिंगाला बेगड, पाठीवर झूल, झालं. तुम्ही आदल्या दिवशी जा, खांदशेकणीला. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्यावर जो घट्टा पडलेला असतो त्यावर शेतकरी गरम पाणी, हळद, तूप लावून पळसाच्या पानानं शेकतो, आणि बैलाला म्हणतो "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या". बैलाच्या खांद्यावर घट्टा आणि तो शेकणाऱ्या तळहातावरही घट्टा, दोन्ही एकाच कामानं पडलेले. उजेड संध्याकाळचा, गोठ्यात काळोख होत आलेला, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० ते १६०० ठेवा, फ्लॅश अजिबात मारू नका, बैल बुजला तर शेतकऱ्याचा पाय जाईल आणि वरून शिव्या तुम्हालाच. कॅमेरा बैलाच्या खांद्याच्या उंचीवर, बैलाच्या मागे उभं राहायचं नाही. हात खांद्यावर दाबला जातो तेव्हा बोटांच्या मधून हळदीचं पाणी निथळतं, तो क्षण धरा.

तसंच कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा असते, वावरात दगड मांडून हळद-कुंकू आणि दही-भात. पूजा करणारे हात आणि पाच मिनिटांनी पहिलं बोंड वेचणारे हात तेच. जोडी एकाच जागी, एकाच उजेडात मिळते, नवीन माणसानं सुरुवात इथूनच करावी.

तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंजात पुण्यतिथीला, दिवाळीच्या थोडं आधी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, हजारो लोक एकाच वेळी स्तब्ध. उजेड तिरपा, सगळं जमून येतं, आणि म्हणूनच सगळे तोच फोटो काढतात. मला विचाराल तर आपल्याच गावच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जा आणि खंजेरी वाजवणाऱ्याच्या मागे न बसता बाजूला बसा. डाव्या हातानं खंजेरी धरलेली, उजव्या हाताची बोटं कातड्यावर. १/५०० ला बोटं थिजतात आणि फोटो मेलेला वाटतो. १/३० ला धरणारा हात स्थिर आणि वाजवणारा हात धूसर येतो, झांजांची चमक रेघ होऊन जाते, तो घ्या. हॉलमध्ये ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असतील आणि फोटोवर पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्याच्याशी मेळ बसला की पट्टे जातात. भजनात पखवाज असेल तर सुरू व्हायच्या आधी डाव्या तोंडाला कणीक लावतात ते सोडू नका, भाकरी थापणारा आणि ताल धरणारा हात एकच वाटावा असा तो क्षण असतो.

विहारात वंदना चालू असताना समोर जाऊन बसू नका, बुद्धमूर्ती आणि लोकांच्या मधे येता. बाजूच्या खिडकीजवळ जागा धरा. त्रिशरण-पंचशील म्हणताना हात जोडलेले असतात, तो एक फोटो घ्या आणि थांबा. मेणबत्ती लावताना ज्योतीभोवती धरलेला तळहात, परित्राण पाठानंतर (रक्षणासाठी म्हटल्या जाणाऱ्या सूत्रांनंतर) मनगटाला बांधला जाणारा पांढरा धागा, तो बांधणारा हात आणि बांधून घेणारा हात, असे फोटो बघा. आपल्याकडं कितीतरी घरांत आजोबा सांगतात की त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेला नागपूरला होते. अशा घरात पणजोबाचा फोटो पुसणारा नातवाचा हात हासुद्धा श्रद्धेचाच फोटो.

दुआ मागताना ओंजळ उघडी असते, उजेड वरून तळहातावर पडतो, समोरून नाही तर खांद्याच्या मागून काढा. तस्बीह, म्हणजे जपमाळ, ३३ किंवा ९९ मण्यांची असते आणि वापरून वापरून मणी गुळगुळीत झालेले असतात, अंगठा ज्या मण्यावर आहे त्यावर फोकस. नमाज चालू असताना शटरचा आवाज नको, मोबाईल सायलेंट.

पोहरादेवीच्या यात्रेत जुन्या बंजारा बायांच्या दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या दिसतील, पूर्वी हस्तिदंताच्या असायच्या, आता प्लॅस्टिकच्या. गर्दीत टेलिलेन्सनं चोरून काढू नका, आपण बाजारातला माल बघायला गेलो नाही.

आणि अमरावती जिल्ह्यात फोटो काढताय तर गाडगेबाबांना विसरू नका. सकाळी ग्रामसफाईला निघालेल्या म्हाताऱ्याच्या हातातला खराटा हा इथल्या कुठल्याही जपमाळेइतकाच श्रद्धेचा फोटो आहे.

धाग्यावरून धर्म ठरवू नका

मनगटावर काळा धागा दिसला की आपण कॅप्शन मनात लिहून मोकळे होतो. विचारा. "मावशी, हा धागा कुठला?" एक ताजबाग दर्ग्याचा असतो, एक देवीचा, एक नातीनं राखीला बांधलेला तसाच राहिलेला. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांकडं जाणारे सगळे मुसलमान नसतात हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, फक्त फोटोच्या कॅप्शनला माहीत नसतं. जात-धर्म अंदाजानं लिहायचा नाही, माणूस जे सांगेल तेच लिहायचं, आणि नाही सांगितलं तर कामाचं नाव आणि तालुका पुरे. "भेगाळलेले गरीब हात" असलं काही लिहायचंच नाही, भेगा दहा एकरवाल्याच्या हातालाही असतात.

घरी आल्यावर

क्लॅरिटी आणि टेक्स्चर स्लायडर शंभरवर नेले की माणसाचा हात वाळलेलं खोड दिसतो. दहा-पंधराच्या पुढं जाऊ नका. कुंकू, हळद, मेंदी, निळा धागा फोटोत असेल तर रंगीत ठेवा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हळद आणि माती सारखीच दिसते. जोडीतले दोन्ही फोटो एकाच टोनमध्ये ठेवा. निवडताना मान्य करा की काही माणसांची जोडी जमलीच नाही, मग त्यांचा एकच फोटो ठेवा, ओढूनताणून दुसरा आणू नका.

नेटवर टाकायच्या आधी एक काळजी. २०१४ मध्ये जर्मनीत यान क्रिस्लर नावाच्या हॅकरनं तिथल्या संरक्षणमंत्री बाईंच्या साध्या फोटोंवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार करून दाखवला होता. आपल्याकडं गावोगावी अंगठ्यावर पैसे निघतात. त्यामुळे बोटांची टोकं कॅमेऱ्याकडं असलेला फोटो मोठ्या साइजमध्ये टाकू नका, लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेलपर्यंत कमी करा आणि बोटांचे ठसे तरीही मोजता येत असतील तर दुसरा फोटो निवडा. गोंदणात नाव असतं, कधी नवऱ्याचं, कधी स्वतःचं, तेही बघा, आणि नाव दिसू द्यायचं की नाही ते तिला विचारा.

शेवटचं काम प्रिंटचं. व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे दिला असं होत नाही, कितीतरी मावश्यांचा फोन पोराकडं असतो. पाच बाय सातची मॅट प्रिंट काढा, ग्लॉसीवर पहिल्याच दिवशी बोटांचे डाग पडतात. हाताच्या फोटोसोबत तो तोंडाचा फोटोही द्या, जो तिनं आधी मागितला होता. प्रिंट द्यायला पोस्टानं नको, स्वतः जा, आणि वेचणीच्या दिवसात जाऊ नका, पेरणीच्या आधी उन्हाळ्यात जा, तेव्हा लोक घरी असतात आणि बोलायला वेळ असतो. तिथंच पुढच्या हंगामाचं विचारून घ्या.